पाच विजेतेपदं आणि एक ताळेबंद

डिसेंबर 2014 मध्ये मिनेसोटा विद्यापीठाच्या डुलुथ शाखेने आपल्या महिला आइस हॉकी संघाच्या प्रशिक्षक शॅनन मिलर यांना कळवलं की हंगाम संपला की तुमचा करार वाढवला जाणार नाही. हंगाम तेव्हा निम्म्यावर होता आणि संघ देशातल्या पहिल्या दहांत होता. मिलर यांच्या नावावर पाच राष्ट्रीय विजेतेपदं होती. विद्यापीठाने दिलेलं पहिलं कारण पैशाचं होतं: खेळ विभाग तुटीत आहे, आणि देशातल्या महिला आइस हॉकी प्रशिक्षकांत सर्वांत मोठा पगार मिलर यांचा आहे. थोडक्यात, नाकापेक्षा मोती जड झाला होता.

हे प्रकरण पुढे न्यायालयात गेलं आणि त्याचा निकालही लागला. त्यावर आता लिहायचं ते एवढ्यासाठी, की ज्या युक्तिवादाने मिलर यांना घरी पाठवलं तो अजून जिवंत आहे. महिलांच्या खेळात पैसा नाही, मग त्यावर पैसा कसा खर्च करणार, असं तो म्हणतो. ऐकायला हे अगदी व्यवहारी वाटतं. माझ्या मते तो व्यवहारही नाही. निर्णय आधीच झालेला असतो, आणि त्याला जोडायचं कारण म्हणून हा युक्तिवाद पुढे केला जातो.

आधी मिलर कोण हे सांगायला हवं, कारण आपल्याकडे हॉकी म्हटलं की ध्यानचंद आठवतात, बर्फावर चेंडूऐवजी वापरतात ती चकती, म्हणजे पक, नव्हे. मिलर मूळच्या कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतातल्या. त्या कॅल्गरीच्या पोलिस दलात नोकरी करत आणि ती सांभाळून संघ घडवत. 1997 मध्ये त्यांच्या हाताखाली कॅनडाच्या महिला संघाने जगज्जेतेपद जिंकलं. पुढच्याच वर्षी नागानो ऑलिंपिकमध्ये महिला आइस हॉकीचा पहिल्यांदा समावेश झाला. तिथे अंतिम सामन्यात अमेरिकेने कॅनडाला 3-1 असं हरवलं आणि मिलर यांच्या संघाला रौप्यावर समाधान मानावं लागलं. त्या संघातून त्यांनी अँजेला जेम्सला वगळलं होतं. जेम्स म्हणजे महिला हॉकीतलं त्या काळचं सर्वांत मोठं नाव, त्यामुळे कॅनडात बराच गदारोळ झाला. मिलर हटल्या नाहीत. त्यांचा हा स्वभाव लक्षात ठेवावा. सगळ्यांना गोड वाटाव्यात अशा त्या नव्हत्या, आणि त्यांची बाजू घ्यायची तर त्यांना देवी करायची गरज नाही.

1999 मध्ये त्या डुलुथला आल्या. लेक सुपीरियरच्या काठचं हे गाव थंडीसाठी आणि बंदरासाठी ओळखलं जातं. विद्यापीठात मुलींचा संघ तोवर नव्हताच, तो मिलर यांना उभा करायचा होता. अमेरिकेतल्या कॉलेज प्रशिक्षकाचं काम मैदानापुरतं नसतं. सोळा-सतरा वर्षांच्या मुली हेरायच्या, त्यांच्या घरी जाऊन आई-वडिलांना पटवायचं, शिष्यवृत्त्यांची वाटणी करायची, परीक्षेत कोण मागे पडतंय यावर लक्ष ठेवायचं, आणि चार वर्षांनी ती मुलगी पदवी घेऊन बाहेर पडली की पुन्हा शून्यापासून सुरुवात करायची. व्यावसायिक संघात चांगला खेळाडू दहा वर्षं ठेवता येतो. कॉलेजात संघ दरवर्षी हातातून निसटतो.

कॉलेज खेळांचं नियमन करणाऱ्या एनसीएएने महिलांची राष्ट्रीय आइस हॉकी स्पर्धा पहिल्यांदा 2001 मध्ये भरवली. ती जिंकली डुलुथने, म्हणजे दोन वर्षांपूर्वी अस्तित्वातच नसलेल्या संघाने. 2002 आणि 2003 मध्येही तेच जिंकले. 2003 चा अंतिम सामना डुलुथमध्येच झाला, हार्वर्डविरुद्ध, आणि दुसऱ्या जादा वेळेत 4-3 असा निकाल लागला. पुढे 2008 मध्ये विस्कॉन्सिनला 4-0, आणि 2010 मध्ये कॉर्नेलला 3-2, तेही तिसऱ्या जादा वेळेत.

हे जमलं कसं? मिलर यांची खरी चतुराई माझ्या मते भरतीत होती. त्याच राज्यातल्या मिनियापोलिसमध्ये त्याच विद्यापीठाचं मुख्य आवार, तिथे मोठा संघ, मोठं नाव. गावातल्या चांगल्या मुली तिकडे जाणार हे उघड होतं. मिलर यांनी नजर युरोपकडे वळवली. स्वीडन आणि फिनलंडमधल्या मुलींना त्यांच्या देशात ना शिष्यवृत्ती होती ना धड लीग. त्या डुलुथला आल्या, शिकल्या, खेळल्या. त्यांतली एक मारिया रूथ. 2006 च्या तुरिन ऑलिंपिकच्या उपांत्य सामन्यात स्वीडनने अमेरिकेला शूटआउटमध्ये हरवलं. अमेरिकेच्या महिला तोवर मोठ्या स्पर्धांत कॅनडाखेरीज कुणाकडूनही हरल्या नव्हत्या. स्वीडनचे दोन्ही गोल आणि शूटआउटमधला निर्णायक गोल रूथचा होता. त्या दिवशी स्वीडनच्या गोलजाळीत उभी असलेली किम मार्टिनही मग डुलुथला आली, आणि 2008 च्या अंतिम सामन्यात तिने विस्कॉन्सिनला एकही गोल करू दिला नाही. एका छोट्या गावातल्या प्रशिक्षकाच्या कामाचे पडसाद दुसऱ्या खंडातल्या राष्ट्रीय संघापर्यंत पोहोचले होते. ताळेबंदात हे कुठल्या रकान्यात लिहितात कोण जाणे.

आता पगाराकडे येऊ. मिलर यांना वर्षाला सुमारे 2 लाख 7 हजार डॉलर मिळत. त्याच विद्यापीठाच्या पुरुष आइस हॉकी संघाचे प्रशिक्षक स्कॉट सँडेलिन यांचा पगार त्याहून जास्त होता. 2014 च्या त्या डिसेंबरपर्यंत सँडेलिन यांचं राष्ट्रीय विजेतेपद एक होतं, 2011 चं. सँडेलिन यांना इथे कमी लेखायचं नाही. 2018 आणि 2019 मध्ये त्यांनी आणखी दोन विजेतेपदं मिळवली, ते उत्तम प्रशिक्षक आहेत. मला महत्त्वाचा वाटतो तो त्यांचा पहिला हंगाम. 2000-01 मध्ये त्यांचा संघ 7 सामने जिंकला आणि 28 हरला. नंतरही चढउतार आले. विद्यापीठाने थांबून पाहिलं, आणि अकराव्या हंगामात फळ मिळालं. प्रशिक्षकाशी असंच वागायला हवं. पुरुषांच्या संघाचा पडता काळ हा उद्याच्या यशाची किंमत म्हणून चालवून घेतला जातो, आणि महिलांच्या संघाचा पडता काळ लागला की पहिल्यांदा पगाराचा आकडा आठवतो, हे इथलं दुखणं आहे.

मिलर यांच्या संघाचा काळ पडता होता हे मात्र खरं. 2011 नंतर हा संघ राष्ट्रीय स्पर्धेसाठी पात्र ठरला नाही. विद्यापीठाने न्यायालयात मुख्य भर यावरच दिला, पैशाचं कारण मागे पडलं आणि कामगिरीचं पुढे आलं. हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही, पण तो पूर्ण संदर्भासकट मांडायला हवा. राष्ट्रीय स्पर्धेत तेव्हा महिलांच्या फक्त 8 संघांना जागा होती. डुलुथ ज्या विभागात खेळे त्याच विभागातल्या तीन संघांनी, म्हणजे मिनेसोटा, विस्कॉन्सिन आणि स्वतः डुलुथ यांनी, 2001 ते 2013 पर्यंतची सगळी राष्ट्रीय विजेतेपदं वाटून घेतली होती. मिनेसोटाचा मुख्य संघ 2012-13 च्या हंगामात एकही सामना हरला नाही, आणि त्याच सुमारास त्यांनी सलग 62 सामने जिंकले. असा संघ आपल्याच विभागात असताना तिसरं-चौथं येणं म्हणजे काय, हे खेळ कळणाऱ्याला सांगावं लागत नाही. मिलर यांची एकूण कारकीर्द 383 विजय, 144 पराभव आणि 50 बरोबरी अशी आहे.

आणि समजा कामगिरीच कारण होती, तर तसं पहिल्या दिवशी का सांगितलं नाही? कारण बदललं की संशय येतो. ज्युरीलाही तो आला असावा.

दुसरा आक्षेप जास्त चलाख आहे. मिलर यांच्या जागी पुरुष आला नाही. हार्वर्डमध्ये साहाय्यक असलेल्या मॉरा क्राउएल आल्या, आणि त्यांनी 2022 मध्ये संघाला राष्ट्रीय अंतिम फेरीपर्यंत नेलं. बाईच्या जागी बाईच आली, मग स्त्रीपुरुष भेद आला कुठून? पण क्राउएल कमी पगारावर आल्या. भेद बाई हवी की नको यात नव्हता. बाई हवी होती, पण स्वस्तातली. पाच विजेतेपदं मिळवलेली, वाटाघाटीत न वाकणारी, पुरुष प्रशिक्षकाच्या पगाराच्या आसपास पोहोचलेली बाई खर्चिक वाटू लागली. नोकरदार बायकांना हे समजावून सांगायची गरज नाही. लहान पदावर त्यांचं कौतुक होतं, पद आणि पगार वाढला की त्याच बाईचा स्वभाव अवघड आहे असं सगळ्यांना अचानक कळतं.

आता मूळ युक्तिवाद, उत्पन्नाचा. पुरुष हॉकीची तिकिटं विकली जातात, देणगीदार येतात, महिलांच्या सामन्यांना तेवढे येत नाहीत. अमेरिकी न्यायालयांनी हा युक्तिवाद एके काळी उचलून धरला होता. मेरिॲन स्टॅन्ली यांनी दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या महिला बास्केटबॉल प्रशिक्षक म्हणून पुरुष संघाचे प्रशिक्षक जॉर्ज रॅव्हलिंग यांच्याइतका पगार मागितला. स्टॅन्ली यांच्याकडे आधीच्या कॉलेजात मिळवलेली राष्ट्रीय विजेतेपदं होती, रॅव्हलिंग यांच्याकडे एकही नव्हतं. 1994 मध्ये अपील न्यायालयाने म्हटलं, पुरुष प्रशिक्षकावर जनसंपर्काची आणि पैसा उभा करण्याची जबाबदारी जास्त आहे, म्हणून जास्त पगार चालेल. पण ती जबाबदारी पुरुषाकडे कुणी दिली? विद्यापीठानेच. महिला संघाची जाहिरात न करण्याचा निर्णय कुणाचा? त्यांचाच. चार हात खणून थांबायचं आणि मग इथे पाणी लागत नाही म्हणून सांगायचं, असा हा प्रकार. तीन वर्षांनी, 1997 मध्ये, रोजगारातल्या भेदभावावर देखरेख करणाऱ्या तिथल्या सरकारी आयोगाने प्रशिक्षकांच्या पगाराबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. महिला संघाला मुळात कमी पाठबळ दिलं असेल, तर कमी उत्पन्नाची सबब पुढे करता येणार नाही, हा त्यांतला गाभा.

बर्फावरच्या हॉकीत तर याचा पडताळा नुकताच आला. कॅनडातली महिला लीग 2019 मध्ये अंतिम सामना होऊन आठवडा होतो न होतो तोच बंद झाल्याचं जाहीर झालं, आर्थिकदृष्ट्या परवडत नाही म्हणून. तेव्हा अनेकांनी माना डोलावल्या, बघा, महिलांच्या हॉकीला बाजारच नाही. जानेवारी 2024 मध्ये नवी व्यावसायिक लीग सुरू झाली. तिच्यामागे खरा पैसा होता, बड्या शहरांतली सभागृहं होती, नियमित प्रक्षेपण होतं. त्याच वर्षी 20 एप्रिलला माँट्रियलमधल्या सामन्याला 21,105 प्रेक्षक आले. खेळाडू बऱ्याचशा त्याच, देश तेच. पाच वर्षांत लोकांची आवड बदलली नाही, ती पाहायची सोय झाली.

आपल्याकडेही फार वेगळं घडलेलं नाही. भारतीय क्रिकेट मंडळाने ऑक्टोबर 2022 मध्ये महिलांची सामन्याची फी पुरुषांइतकी केली, नंतरच्या जानेवारीत महिला प्रीमियर लीगचे पाच संघ साडेचार हजार कोटींहून अधिक रकमेला विकले गेले, आणि 2 नोव्हेंबर 2025 ला नवी मुंबईत भारताच्या मुलींनी विश्वचषक जिंकला. आधी पैसा, मग प्रेक्षक, मग चषक. क्रम उलटा लावून कुणी दाखवावा.

त्या संघाचे प्रशिक्षक अमोल मुजुमदार. मुंबई क्रिकेटवर प्रेम करणाऱ्या कुणालाही त्यांच्याबद्दल वाटलेला आनंद मलाही वाटला. पण त्यांच्याकडे पाहताना अमेरिकेतली एक गोष्ट आठवते. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला मनाई करणारा टायटल नाइन कायदा 1972 मध्ये आला. तोवर कॉलेजांतल्या महिला संघांच्या प्रशिक्षकांपैकी 90 टक्क्यांहून अधिक बायकाच होत्या. बहुतेकींना त्याचे पैसे मिळत नसत किंवा नावाला मिळत. कायद्याने मुलींच्या खेळात पैसा आला, तशी ही पदं पुरुषांना आकर्षक वाटू लागली. 2014 पर्यंत, म्हणजे मिलर यांना काढलं त्या सुमारास, हे प्रमाण 43 टक्क्यांच्या आसपास आलं होतं. दार एकाच बाजूने उघडलं. पुरुषांच्या संघांत महिला मुख्य प्रशिक्षक शोधायला गेलं तर तेव्हा शंभरात जेमतेम दोन-चार सापडत. म्हणून मिलर यांच्यासारखीचं पद गेलं की ती दुसरीकडे जाईल असं म्हणता येत नाही. पुरुष प्रशिक्षकाला स्त्रियांचे आणि पुरुषांचे असे दोन्ही बाजार खुले असतात, बाईला एकच, तोही आक्रसलेला. पाच राष्ट्रीय विजेतेपदांनंतरही मिलर पुन्हा कुठल्या अमेरिकी कॉलेजच्या मुख्य प्रशिक्षक झाल्या नाहीत. कॅलिफोर्नियातल्या पाम स्प्रिंग्जमध्ये त्यांनी पर्यटकांना पायडलच्या गाडीतून फिरवण्याचा व्यवसाय सुरू केला.

यात मला सर्वांत गंभीर वाटणारा भाग पगाराचा नाहीच. मार्च 2018 मध्ये ज्युरीने दोन गोष्टी मान्य केल्या. एक, स्त्री म्हणून मिलर यांच्याशी भेदभाव झाला. दुसरी, टायटल नाइनच्या आधारे त्यांनी केलेल्या तक्रारींचा सूड म्हणून त्यांना काढलं गेलं. आपल्या संघाला पुरुष संघाच्या तुलनेत कमी मिळतं, असं त्या वर्षानुवर्षं बोलून दाखवत होत्या. प्रशिक्षक सहसा बोलत नाहीत. करार तीन-चार वर्षांचा, नूतनीकरण वरच्यांच्या मर्जीवर, आणि खेळाडू मुली तर अठरा-वीस वर्षांच्या, शिष्यवृत्तीच्या ओझ्याखाली. त्यांना संघाचा खर्च माहीत नसतो, शेजारच्या संघाला काय मिळतं ते माहीत नसतं. हे सगळं ज्या एकाच माणसाला दिसतं ती म्हणजे प्रशिक्षक. तिने तोंड उघडलं की तिचा करार संपतो, असं एकदा इतरांनी पाहिलं, की पुढची दहा वर्षं कुणी तोंड उघडत नाही. कायदा पुस्तकात शाबूत राहतो, वापरणारं कुणी उरत नाही. डुलुथ काही एकटं नव्हतं. त्याच 2014 साली आयोवा विद्यापीठाने आपल्या महिला फील्ड हॉकी प्रशिक्षकाला काढलं होतं. ते प्रकरण आणि त्यातून निघालेला आणखी एक खटला मिळून 2017 मध्ये 65 लाख डॉलर देऊन मिटवावा लागला.

मिलर यांना ज्युरीने दिले 37 लाख 40 हजार डॉलरहून अधिक. त्यांत सुमारे साडेसात लाख बुडालेल्या पगाराचे, 30 लाख मनस्तापाचे. पुढे न्यायालयीन हालचाली चालू राहिल्या आणि 2019 च्या अखेरीस सुमारे 45 लाख डॉलरला, वकिलांच्या फीसकट, तडजोड झाली. आता विद्यापीठाचाच हिशेब घेऊ. वर्षाला 2 लाख 7 हजार जास्त वाटले म्हणून जिला काढलं, तिचा वीस वर्षांचा पगार या रकमेत भागून वर उरला असता. काटकसर म्हणून केलेली ही काटकसर. बायकांच्या खेळाबाबत कठोर व्यवहाराच्या गप्पा मारणाऱ्यांनी हा आकडा समोर ठेवावा.

तरीही भरपाईवर मी फारसा खूश नाही. भरपाई म्हणजे आपण चूक विकत घेतली, एवढंच. रक्कम भरून विद्यापीठ मोकळं झालं. ज्यांचे पालक मिलर यांच्या शब्दावर मुलीला डुलुथला पाठवायला तयार झाले असते, त्या मुलींचं काय झालं याची नोंद कुठल्या निकालपत्रात नसते. बर्फावरच्या हॉकीत एकाची शिकवण कुठे जाऊन पोहोचते हे सांगता येत नाही. नागानोला मिलर यांच्या संघात हेली विकेनहायझर नावाची एकोणीस वर्षांची मुलगी होती. ती पुढे या खेळातली सर्वश्रेष्ठ मानली गेली, आणि वीस वर्षांनी, जानेवारी 2018 मध्ये, लडाखच्या गोठलेल्या तळ्यांवर खेळणाऱ्या मुलींना शिकवायला आली. 2016 मध्ये उभ्या राहिलेल्या भारतीय महिला संघाने 2025 मध्ये आशिया चषकात कांस्यपदक जिंकलं. हे सारं मिलर यांच्यामुळे झालं असं म्हणणं अतिशयोक्ती होईल. पण प्रशिक्षकाच्या कामाची लांबी एका हंगामाच्या तिकीटविक्रीने मोजणारे किती आखूड पट्टी वापरतात, ते यावरून दिसतं.

मग करायचं काय? समान पगाराची सरसकट सक्ती मला फारशी पटत नाही. अनुभव, बाजार, स्पर्धक संस्थेने देऊ केलेला पगार यांमुळे फरक पडतो, आणि पडू द्यावा. पण सार्वजनिक विद्यापीठात हा फरक बंद दाराआड ठरू नये. मिनेसोटासारख्या सरकारी विद्यापीठांत प्रशिक्षकांचे पगार जाहीर असतातच. तसाच प्रत्येक संघाचा प्रवासखर्च, भरतीचा खर्च, जाहिरातीचा खर्च आणि मदतनीसांची संख्या पुरुष आणि महिला संघांसाठी शेजारी-शेजारी छापून दरवर्षी बाहेर काढावी. करार न वाढवण्याचं कारण लेखी द्यावं, त्याच दिवशी, आणि नंतर ते बदलायची मुभा असू नये. ज्या प्रशिक्षकाने गेल्या दोन-तीन वर्षांत भेदभावाची तक्रार केली आहे तिचा करार संपवायचा असेल, तर तो निर्णय खेळ विभागाकडे न ठेवता विद्यापीठाच्या स्वतंत्र समितीपुढे जावा. क्लिष्ट आहे, वेळ खाणारं आहे, विभागप्रमुखांना आवडणार नाही. 45 लाख डॉलर मोजण्यापेक्षा स्वस्त नक्कीच आहे.